पडदे ओरिजिनल नाहीत!

जुन्या ट्रेलरमधलं मला काहीही कळत नाही, हे मला त्या दुपारपर्यंत माहीत नव्हतं.

आमच्या चँडलर गावाहून भाड्याची मोटरहोम घेऊन आम्ही युटाकडे निघालो होतो. मी, बायको मुग्धा आणि पुण्याहून आलेली आई. वाटेत जुने ट्रेलर, म्हणजे गाडीमागे जोडून न्यायची ती चाकांवरची घरं, ओळखायचा मला नाद लागला. (नाद म्हणजे तीन व्हिडिओ पाहिले होते.) "तो बघ, साठच्या दशकातला!" असं मी इतक्यांदा ओरडलो, की मुग्धाने कानात इअरफोन घातले. आई मात्र दर वेळी "हो का!" म्हणायची.

तिसऱ्या दिवशी मुक्कामाच्या जागी पाहतो तर अशा ट्रेलरवाल्यांचा मेळावाच भरलेला! दारं सताड उघडी, "आत या" अशा पाट्या. मुग्धा दमून आडवी झाली, मी आईला घेऊन निघालो. सहा-सात ट्रेलर पाहिले. पार टोकाला एक लहानसा, निळ्या पट्ट्याचा होता. दार उघडं. पाटी नव्हती, पण तेवढं कोण बघतं?

आत शिरलो. "आई, आता गंमत बघ," म्हणत मी जेवणाचं टेबल खाली दाबलं, बाजूच्या गाद्या सरकवल्या. ऐसपैस डबल बेड तयार!

"अरे, इथे कुणीतरी राहतंय," आई म्हणाली. "गोळ्यांची डबी आहे बघ."

"सजावट असते गं ती."

"शेगडीवरचं सूप कोमट आहे."

"बघ, किती बारकाईने सजवलंय!"

तेवढ्यात धुतलेल्या कपड्यांची टोपली घेऊन एक उंच, म्हातारे गृहस्थ दारात येऊन उभे राहिले. "काही मदत हवी आहे?" त्यांनी विचारलं.

"नको, नुसतं बघतोय. तुम्हीही या ना आत, जागा आहे!" मी म्हणालो. (हो. त्यांच्याच घरात.) ते आले. ऐकणारा मिळाल्यावर मी थांबतोय कसला! "ट्रेलर झकास आहे, पण पडदे ओरिजिनल नाहीत. कुणीतरी घरी शिवलेत."

"माझ्या बायकोने," ते म्हणाले.

गोळ्या, सूप, टोपली... सगळं एकदम कळलं. कान तापले. सॉरी, सॉरी म्हणत मी टेबल वर ओढायला लागलो. ते हलेना!

"राहू द्या," ते म्हणाले. त्यांची नजर बेडवर होती. "रोज रात्री हा आम्ही दोघं मिळून करायचो. ती गेल्यापासून मी या बाकावरच झोपतो. एकट्यासाठी कोण एवढं करणार?"

यावर काय बोलायचं, ते तीन व्हिडिओंत नव्हतं.

आईला इंग्रजी बेताचंच येतं. तिने गादीवर हाताने थोपटलं. "सिट, सिट. बसा." ते बसले. आईने पडद्याची कड बोटांत धरली. "हातशिलाई आहे. टाके किती एकसारखे!"

"काय म्हणाल्या?"

मी सांगितलं. मग ते तासभर बायकोबद्दल बोलत राहिले. नकाशा ती बघायची, रस्ता हमखास चुकायची आणि भलत्याच सुंदर जागी पोचवायची. त्यांचं आईला, आईचं त्यांना सांगता सांगता माझं स्वतःचं मत एकदाही मध्ये आलं नाही. माझ्या आयुष्यात असा तास विरळाच!

निघताना मी पुन्हा टेबलाला हात घातला. "आज असू दे," ते म्हणाले. "आज पाय पसरून झोपतो."

परत येताना आई रागावली नाही. एवढंच म्हणाली, "पुढच्या वेळी दार वाजव."

दुसऱ्या दिवशी एका गावाबाहेर पिवळाधमक जुना ट्रेलर दिसला. गाडी थांबवली. मागच्या बाजूला जाऊन दार वाजवलं, दोन पावलं मागे सरून थांबलो. एका तरुणीने दार उघडलं. मी हात जोडून म्हणालो, "तुमचं घर फार सुंदर आहे. परवानगी असेल, तर आत येऊन बघू का?"

तिने ट्रेलरच्या दुसऱ्या बाजूला बोट दाखवलं. मग हळूच म्हणाली, "सर, आइस्क्रीमची रांग पुढे आहे."

मी पुढे गेलो. आई आणि मुग्धा रांगेत उभ्याच होत्या. दोघींनीही मला ओळख दाखवली नाही.