बर्फ पडेपर्यंत ऐकायचं नाही

अर्डेलमावशी मला पहिल्यांदा दिसली तेव्हा ती सहा फूट उंच होती, तिच्यामागे विजा चमकत होत्या आणि तळ्यावरचे हंस भीतीने गप्प झाले होते. खरे म्हणजे ती पाच फुटांना दोन बोटे कमी आहे, वीज म्हणजे मरायला टेकलेली ट्यूबलाइट होती, आणि हंसांबद्दल मी शपथेवर काही सांगणार नाही. वीस वर्षे शहरात काढून मी रिझर्वेशनवर, म्हणजे अमेरिकेतल्या आमच्या जमातीच्या राखीव वस्तीत, परतलो होतो आणि बिंगो हॉलच्या मागच्या त्या दोन खोल्यांत केवळ डास चुकवायला शिरलो होतो.

"आजी कोण तुझी?" तिने विचारले. माझे नाव नाही, काम नाही, थेट आजी.

"इमेल्डा."

"म्हणजे आमचा सूप वाढायचा डाव नेऊन परत न दिलेली. घाल हातमोजे."

चार मिनिटांत मी पांढरे हातमोजे घालून बर्च झाडाच्या सालीच्या नावेचे एक टोक खांद्यावर घेऊन उभा होतो. ते टोक मी अजून खाली ठेवलेले नाही, असे माझी बायको म्हणते.

त्या दोन खोल्या म्हणजे आम्हा ओजिब्वे लोकांचे संग्रहालय, ग्रंथालय आणि दप्तरखाना. नोकरमाणूस एकच, अर्डेल लॅरॉक, वय एकाहत्तर. देशभरच्या जमातींतली अशी एकांडी माणसे दरवर्षी एका मेळाव्यात जमतात, शिकतात, शिकवतात. मावशीने एकही मेळावा चुकवला नाही. दरवेळी एक प्रमाणपत्र, एक कापडी पिशवी आणि एक नवा छळ घेऊन ती परत यायची. उजेडाने कागद खराब होतात हे शिकली, त्या वर्षी आम्ही अंधारात चाचपडलो. गोठवल्याने कसर मरते हे शिकली, तेव्हा पणजीच्या काळच्या तीन टोपल्या दोन आठवडे माझ्या फ्रीझरमध्ये हरणाच्या मांसाशेजारी मुक्कामाला होत्या.

पण तिचा खरा जीव अडकला होता तो बुटांच्या एका खोक्यात. त्यात ध्वनिफितींची सात रिळे होती. एकोणीस वर्षांची असताना तिने आजोबांना, झेवियर लॅरॉकना, समोर बसवून त्यांच्या हिवाळी कथा ध्वनिमुद्रित केल्या होत्या. या कथा जमिनीवर बर्फ असतानाच सांगायच्या आणि ऐकायच्या. उन्हाळ्यात तोंडातून काढल्या तर बेडूक अंथरुणात येतात, हे इथल्या पोरालाही ठाऊक असते. आजोबा गेले, फिती वाजवायचे यंत्र त्यांच्यामागोमाग गेले, आणि चाळीस हिवाळे खोके तसेच राहिले. आता त्याला व्हिनेगरचा वास येऊ लागला होता, म्हणजे फिती मरायला लागल्या होत्या. सहा रिळांचा चिकटून दगड झाला होता. सातवे तेवढे फिरत होते. त्यावर तिच्याच अक्षरात लिहिले होते: 'आजोबा, शेवटची मोठी गोष्ट.' ती गोष्ट पुरी येणारे माणूस आता हयात नव्हते.

त्या वर्षी मेळाव्यात फिती वाचवणारा माणूस यंत्र घेऊन येणार होता. मेळावा ओक्लाहोमात, भर ऑगस्टात. रीळ मांडीवर घेऊन ती दोन दिवस माझ्या गाडीत बसली आणि प्रत्येक खड्ड्याला माझ्या आजीचा उद्धार केला.

यंत्रवाला निघाला डेलबर्ट त्सोसी, नवाहो जमातीचा. त्याने फीत हुंगली आणि तोंड वाकडे केले.

"आजी, ही एकदाच फिरेल. दुसऱ्यांदा नाही. मी कानाला लावून ऐकत ऐकत संगणकावर उतरवतो, म्हणजे बिघाड लगेच कळेल."

"ऐकायचं नाही. बाहेर बर्फ कुठंय?"

"हॉटेलच्या यंत्रातला बर्फ आणू का बादलीभर?" मी म्हणालो.

"तू गप्प. डावचोरणीचा नातू."

डेलबर्टने हेडफोन काढून खाली ठेवले. "आमच्याकडेही हेच आहे. हिवाळ्यात साप झोपल्याशिवाय गोष्टी नाही सांगत. आवाज बंद ठेवून उतरवता येईल. नुसता आवाज मोजणारा काटा बघायचा. पण काही चुकलं तर मला कळणार नाही. बघा बुवा."

मावशीने रिळाकडे पाहिले. मग आमच्याकडे वडीलधाऱ्यांपुढे मानाने ठेवतात तशी त्याच्यापुढे चिमूटभर तंबाखू ठेवली. "काटा बघू," ती म्हणाली.

भोवती मेळाव्यातली चाळीस माणसे, वीसेक जमाती, एकाचेही पोट गुरगुरले नाही. सत्तेचाळीस मिनिटे आम्ही एका थरथरत्या काट्याकडे पाहत बसलो. एके ठिकाणी तो एकदम उड्या मारू लागला.

"इथे हसलेत आजोबा," मावशी म्हणाली. "अस्वलापाशी नेहमी हसायचे."

शेजारची कोणी अनोळखी बाई डोळे पुसू लागली. माझ्याही डोळ्यांत काहीतरी गेले. फीत संपली आणि रिळावरून भुशासारखी गळून पडली.

त्या वर्षी बर्फानेही परीक्षा पाहिली. डिसेंबरच्या नऊ तारखेला तो टिकला आणि त्याच दिवशी अर्धे गाव बिंगो हॉलमध्ये जमले. रानतांदळाचे सूप झाले, तळलेली भाकरी झाली. मावशीने बटण दाबले.

आवाज स्वच्छ होता. पण फितीवर जमातीच्या पंचायतीची जुनी बैठक होती आणि विषय होता मोकाट कुत्री. कोणीतरी कुत्र्याने पळवलेल्या पॅंटचा किस्सा सांगितला, आणि जिथे काटा उडाला होता तिथे अख्खी पंचायत हसली. तरुणपणी पंचायतीच्या बैठकाही मावशीच ध्वनिमुद्रित करायची, आणि रिळांवर नावे लिहिताना तिने अदलाबदल केली होती. उन्हाळ्यात ऐकायचे नाही म्हणून हे कोणाला कळले नाही.

कोणी उठले नाही. एकतिसाव्या मिनिटाला एक म्हातारा आवाज म्हणाला, "कॉफी संपली का रे?"

"हे आजोबा," मावशी म्हणाली. तिने ते तीनदा मागे नेऊन ऐकले.

मग यंत्र बंद करून तिने ती मोठी गोष्ट स्वतःच सांगायला घेतली. अस्वलापर्यंत आली, त्याच्या पुढेही थोडी गेली. शेवट तिला आठवला नाही. आम्ही वाट पाहिली, उरलेले सूप गार झाले.

मार्चमध्ये ती निवृत्त झाली. दप्तरखान्याच्या यादीत सातव्या रिळापुढे तिच्याच अक्षरात लिहिले आहे: 'पंचायत बैठक, मोकाट कुत्री, ४७ मिनिटे.'