आखाजीला बंद राहणारा माग

मुलीच्या यंत्रमागाला मी आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची, सुट्टी जाहीर केली आणि त्यानंतर आठ दिवस आमच्या घरात माझ्याशी कोणी बोललं नाही.

हा माग खरा नव्हता. खरे माग मी सुरतेत उधन्याच्या एका कारखान्यात बावीस वर्षं सांभाळतोय. मी मास्तर आहे. (शाळेतला नव्हे. माग बिघडला की ज्याच्या नावाने ओरडतात, आणि सुधारला की ज्याला विसरतात, तो.) हर्षालीचा माग कॉम्प्युटरवरच्या एका खेळात होता. त्यात तुम्हाला ठोकळ्यांच्या जगात सोडून देतात. डोंगर खणा, मेंढ्या पाळा, वस्तू जोडून नवी वस्तू बनवा, दिवस मावळला की घरात शिरा. जिंकणं-हरणं काही नाही. आमच्या नोकरीतही असंच असतं, पण तिला कोणी खेळ म्हणत नाही.

हर्षाली अकरावीत आहे. ती ज्या गटात खेळते तो कॉलेजची काही मुलं चालवतात. त्यांनी जाहीर केलं की खेळासाठी नवं यंत्र सुचवा. रविवारी संध्याकाळी सात वाजेपर्यंत ज्याला सर्वांत जास्त मतं, ते यंत्र आम्ही खेळात खरोखर बसवू, सुचवणाऱ्याच्या नावासकट. हर्षालीने माग सुचवला होता. अवघ्या तीन ओळी. चार गठ्ठे लोकर टाका, दांडा ओढा, कापडाचा एक ताका बाहेर येईल. शनिवारी ती दुसऱ्या नंबरावर होती. पहिल्या नंबरावर पाव भाजणारी भट्टी, नऊ मतांनी पुढे. पोरीला जेवण जात नव्हतं.

तिने तो माग मला दाखवला, ही तिची चूक. मी वाचलं आणि विचारलं, "बीम कुठंय?"

"कसला बीम, पप्पा?"

"उभा धागा गुंडाळलाय कशावर? हवेवर?"

"पप्पा, हा गेम आहे. तुम्ही फक्त छान म्हणा ना."

मी छान म्हटलं. पण शेठनी विचारल्यावर 'माग ठीक आहे' असं ज्या आवाजात सांगतो, त्याच आवाजात म्हटलं.

रविवारी सकाळी ती आणि तिची आई, म्हणजे आमच्या मंगलाबाई, कोसाडला मावशीकडे साखरपुड्याला गेल्या. मला पाहुण्यांत बसवत नाही, म्हणून मी घरी. कॉम्प्युटर चालू होता, पान उघडं होतं, तिच्याच नावाने. मी फक्त बीमची एक ओळ घालणार होतो. देवाशपथ, एकच!

पण बीम आला की धागा आला. धागा आला की तो तुटणार. तुटला की माग थांबणार, मग खेळणाऱ्याने तुटलेलं टोक शोधून गाठ मारायची. हे न्यायाला धरून होतं. मग लाइट जाण्याचं घातलं. मग आडवा धागा इकडून तिकडे नेणारा धोटा. मग तेल-पाणी. मग लक्षात आलं की माग चालवणारा कारागीरच नाही, आणि दांडा ओढून निघून जाणाऱ्याच्या भरवशावर माग कोण सोडतो? कारागीर आला की त्याला खोली हवी, डबा हवा. आणि कारागीर चांगला हवा तर तो खान्देशातलाच असणार, मग आखाजीला तो गावी जाणार. मी स्पष्ट लिहिलं: आखाजीला माग पंधरा दिवस बंद राहील. दुपारपर्यंत तीन ओळींची चार पानं झाली.

खरं सांगतो, इतका आनंद मला कित्येक वर्षांत झाला नव्हता. बावीस वर्षांत माग कसा असावा हे मला कोणी विचारलं नव्हतं. कधी चालू होणार, एवढंच विचारत आले होते.

खाली लोकांचे अभिप्राय येऊ लागले. पहिल्याने विचारलं, "हर्षाली, तबियत ठीक है?" दुसऱ्याने लिहिलं, "ये गेम है या नौकरी?" मी त्याला तिच्याच नावाने उत्तर दिलं की आधी माग शिक, मग बोल. त्याने दिलेलं मत काढून घेतलं. त्याचं बघून इतरांनीही काढली. तासाभरात आमचा माग पाचव्या नंबरावर गेला, मेंढ्यांना आंघोळ घालणाऱ्या यंत्राच्याही खाली.

आता मात्र मला घाम फुटला. मी आमच्या कारखान्याच्या ग्रुपवर पत्ता टाकला आणि विनंती केली की पोरीच्या मागाला मत द्या. माणसं गुणाची. चाळीसेक जण लगेच आले. पण आमच्या लाइनीतला माणूस माग बघून गप्प पुढे जाईल तर शपथ! आमच्या सुखलालने लिहिलं, "मास्तर, आते धोटा कोन वापरस? वॉटरजेट माग टाका." दुसऱ्याने लिहिलं, "आखाजीले पंधरा दिन कमी पडतस, महिना करा." इच्छापोरच्या एकाने जागा भरायच्या आहेत का, असं विचारून बायोडेटा जोडला. मत मात्र एकानेही दिलं नाही. मी सुखलालला फोन करून झापलं, तर तो शांतपणे म्हणाला की आधी माग सुधारा, बिघडलेला माग कोणी पास करतं का? हे मीच त्याला शिकवलेलं होतं.

पाच वाजता मायलेकी परतल्या. हर्षालीने उभ्या उभ्या सगळं वाचलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

"पप्पा, सगळ्यांना वाटतंय हे मी लिहिलंय," ती म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

मंगलाने पर्स ठेवली. "कारखानामा तुमले कोनी इचारत नही, म्हनीसन पोरीना खेयमा घुसनात का?"

बावीस वर्षांचा हिशेब तिने एका वाक्यात केला. मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो आणि बराच वेळ पीत राहिलो.

हर्षालीने माझी चारही पानं पुसली. तिच्या तीन ओळी परत लावल्या आणि खाली लिहिलं: "माफ करा, मधलं सगळं माझ्या पप्पांनी लिहिलं होतं. ते खरोखरचे मास्तर आहेत." त्यानंतर मतं परत येऊ लागली. म्हणजे मागाबद्दल कोणाची तक्रार नव्हती, मास्तरबद्दल होती. साडेसहाला आमचे कारागीरही वळले. सुखलालने लिहिलं, "या मागमा बिघडाले काहीच नही. पास." त्याच्यामागे चाळीस अंगठे पडले. भट्टी अकरा मतांनी हरली.

हर्षाली नाचली, मावशीला फोन केला, आईला मिठी मारली. माझ्या वाट्याला आठ दिवसांची शांतता आली.

नवव्या दिवशी तिने स्वतःहून हाक मारली, "पप्पा, या. माग बसवलाय." मी धावतच गेलो. लोकर टाकली, दांडा ओढला, ताका बाहेर. शेजारी हातात पाना घेतलेला, पोट सुटलेला एक ठोकळ्यांचा माणूस उभा होता.

"हे तुम्ही," ती म्हणाली.

माझा ऊर भरून आला. मी डोळे पुसले, चष्मा नीट केला आणि त्या माणसाखालची सूचना वाचली: मास्तर दहा पावलं लांब असेल तरच माग चालेल.

हा नियम कोणी सुचवला, असं मी विचारलं. हर्षालीने स्वयंपाकघराकडे बोट केलं.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात सात नंबरचा माग अडला. मी अर्धा तास पाना घेऊन त्याच्याशी झटलो, शेवटी कंटाळून कारागिराच्या हाती सोपवला आणि कोणी बघत नाही असं पाहून, सहज म्हणून, पावलं मोजत लांब गेलो. दहा मोजायची वेळच आली नाही. सहाव्या पावलाला तो चालू झाला.