नवी यादी उतरेपर्यंत

प्रवीण गेल्याचा फोन आला तेव्हा मी आर्णीत मोटरसायकलचं पंक्चर काढून घेत होतो. "हार्ट अटॅक," एवढंच नीट ऐकू आलं. चाक बसेपर्यंतही धीर धरवेना...

प्रवीण दिग्रसजवळच्या तांड्यावरचा. पुण्यात काही वर्षं जावा या संगणकभाषेत प्रोग्राम लिहून परत आला. माणूस चेंगट, चहाचा कपही त्याला लवकर संपवता यायचा नाही. आमच्या मित्रमंडळाची रक्तदात्यांची यादी त्यानंच संगणकावर आणली. गावोगावच्या मेडिकल दुकानांत ती चालते. इथे इंटरनेटच्या लाइनीचा भरवसा नाही, म्हणून दिग्रसच्या मुख्य यादीची एक प्रत प्रत्येक दुकानाच्या डिस्कवर असते.

एकदा त्यानं यादीत रकाना वाढवला: शेवटचं रक्तदान कधी केलं. रचना अशी बदलली की आधी साठवलेली फाइल नवा प्रोग्राम उघडायलाच तयार नसतो; जावाचा तो हट्टच. पुण्यातल्या सवयीनं प्रवीणनं लिहिलं होतं, आवृत्ती जुळली नाही तर फाइल पुसायची आणि मुख्य यादीतून ताजी आणायची. पुण्यात ते ठीकच. ढाणकीत नवा प्रोग्राम पोचला आणि लगेच केबल तुटली. त्याच दिवशी एका बाळंतिणीला रक्त हवं होतं आणि मेडिकलवाल्या मनोहरभाऊंसमोर कोरी यादी. "काहून रे प्रवीण, होती ते बी खाल्ली का तुह्या प्रोग्रामनं?" भाऊंनी फोनवर विचारलं. त्यांना दोन नावं तोंडपाठ होती, म्हणून बाई वाचली. प्रवीणचं मात्र बरेच दिवस जेवणात लक्ष नव्हतं. जुनी रचना वाचणारा भाग त्यानं प्रोग्राममध्ये परत घातला, फाइलीवर आवृत्तीचा आकडा टाकला, जुन्या फाइलीत नसलेला रकाना रिकामा दाखवला. मी म्हटलं, "एवढं कायले? फाइल तर फेकायचीच हाये."

"फेकू ना. पण नवी पुरी उतरल्यावर. तोवर जुनीच कामाची."

तो गेल्यावर मुख्य यादीतलं रक्तदाता म्हणून असलेलं त्याचं नाव मी काढलं. मग त्यानं तयार करून ठेवलेली प्रोग्रामची पुढची आवृत्ती गावोगाव पाठवली. ढाणकीला ती पोचली आणि तिथली लाइन पुन्हा गेली. दोन दिवसांनी त्याच्या बायकोचा, सवितावहिनींचा फोन आला.

"ढाणकीहून यांच्या मोबाइलवर फोन आलता, भाऊ. पेशंटच्या भावाचा. ओ निगेटिव्ह पाहिजे म्हणे. मी सांगितलं, ते नाही राह्यले. नाव काढलं नाही का तुम्ही?"

"काढलं, वहिनी. पण तिकडची लाइन बंद हाये. नवी यादी उतरेपर्यंत जुनीच दिसते. त्यानंच तसं करून ठेवलं."

त्यांनी विचारलं, "पेशंटचं काय झालं?"

मी मेडिकलमध्ये विचारलं. प्रवीणच्या खालच्या नावाला त्यांनी फोन लावला होता. तो माणूस निघालाही होता. वहिनींना तसं कळवलं. "बरं झालं," त्या म्हणाल्या, "यादी पुसली नव्हती."

संध्याकाळी लाइन आली. ढाणकीत नवी यादी पूर्ण उतरली आणि त्यानंतरच प्रोग्रामनं प्रवीणचं नाव असलेली जुनी फाइल पुसली. तशी एक ओळ माझ्या स्क्रीनवर आली. स्मशानात मी रडलो नव्हतो. ती ओळ वाचून रडलो.