गड्यांची जेवणाची सुट्टी

भूत, करणी, अंगात येणं... असल्या गप्पा निघाल्या की मी उठून पाणी प्यायला जाणारा माणूस. शिफ्ट ड्युटी करणाऱ्याला भुताखेतांसाठी वेळ कुठला, झोपेलाच पुरत नाही. तरी हे लिहितोय, कारण मित्रांना सांगितलं तर जन्मभर खेचतील.

आम्ही मूळचे पोशीर गावचे. माझी नोकरी खालापूरकडच्या एका कारखान्यात, म्हणून खोपोलीत शिळफाट्याजवळ फ्लॅट घेतला. बाबांचा दमा वाढला तेव्हा शेत चुलतभावाला करायला दिलं आणि आई-बाबांना इकडे आणलं. जन्मभर भातशेतीत राबलेला माणूस, तिसऱ्या मजल्यावर बसून करणार काय? टीव्हीचा त्यांना कंटाळा. मग माझ्या मागे खुर्ची टाकून, मी कॉम्प्युटरवर काय करतो ते बघत बसायचे.

मला व्यसन एकच — लढाईचा गेम. मध्ययुगातलं राज्य, किल्ला बांधायचा, गावकऱ्यांना शेतात नि लाकूडतोडीला लावायचं, धान्य साठवून फौज उभी करायची आणि शेजारच्या राजावर चाल करायची. बाबांना फौजेशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांचा जीव सगळा त्या गावकऱ्यांत.

"संज्या, ही मानसं सकालधरनं राबत्यात रं. जेवली कवा?"

"बाबा, गेम आहे हा."

"गेम आसंल. गडी हायेत ना?"

गेममध्ये एक घंटा असते. शत्रू आला की गावातल्या मोठ्या इमारतीवर क्लिक करायचं, मग घंटेवर. सगळे गावकरी हातातलं काम टाकून आत पळतात. बाबांनी तेवढंच शिकून घेतलं. दुपारी जवळच्या कारखान्याचा भोंगा झाला की माझ्या खांद्यावरून हात घालून माउस घ्यायचे आणि घंटा वाजवायचे. अख्खं राज्य जेवायला आत! मग स्वयंपाकघराकडे हाक, "वाढ गं." आई नि ते जेवून हात धुऊन येईपर्यंत गडी बाहेर काढायचे नाहीत, असा हुकूम. या सुट्टीपायी मी किती लढाया हरलो त्याला सुमार नाही. पलीकडचा राजा काही सुट्टी देत नव्हता.

बाबा दिवाळीनंतर गेले. दिवसकार्य उरकलं, पाहुणे परतले, आणि आईचं जेवण सुटलं. उपास वगैरे नाही, ताटावर बसायचीच नाही. लग्न झाल्यापासून दुपारचं जेवण दोघांनी मिळून केलेलं, मग ते शेताच्या बांधावर असो नाहीतर इथे फ्लॅटमध्ये.

"भूक नाय रं. ठेव झाकून."

तिला शुगर आहे, गोळ्या रिकाम्या पोटी चालत नाहीत. एकदा मोरीत चक्कर येऊन पडली. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, अशी माणसं बघता बघता खचतात, खाल्लं नाही तर हाताबाहेर जाईल. बायको शाळेत शिकवते, ती दुपारी घरी नसते. मी नाइटला असलो की दुपारी मीच आईजवळ. वालाचं बिरडं करून बघितलं, सुकट करून बघितली, ओरडलो, पायासुद्धा धरले. एक घास नाही. आई पण जाणार हे मला दिसत होतं, आणि खरं सांगतो, मी इतका दमलो होतो की भीतीसुद्धा धड वाटत नव्हती.

अशाच एका दुपारी नाइट करून आलेलो, झोप लागेना, म्हणून गेम लावला. आई आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडलेली. भोंगा झाला. माझ्या दोन्ही हातांत चहाचा कप होता... आणि घंटा वाजली.

गावकरी धावत आत गेले. शत्रूचा पत्ता नव्हता. मी नुसता बघत राहिलो. तेवढ्यात मागून आईचा आवाज आला, "वाढ. बोलावलाय त्यांनी."

"कोणी?"

"कोनी म्हनून काय इचारतोस?"

ती उठली, हात धुतले, बिरडं-भात जेवली. वर भात मागून घेतला.

मी दोष मशीनमध्ये शोधला. पण एखादं बटण अडकून घंटा वाजत नाही — आधी इमारत निवडावी लागते, मग घंटा. तरी माउस बदलला, कीबोर्ड बदलला, गेम काढून पुन्हा टाकला. दुरुस्तीवाल्या मित्राकडे मशीन ठेवून आलो. त्याच्याकडे काहीच झालं नाही. घरी आणलं, हात मांडीवर ठेवून बसलो. भोंगा झाला, घंटा वाजली. मग मी शोधणं सोडून दिलं. आई जेवत होती ना, बस झालं.

पण घंटा वाजायला गेम चालू पाहिजे, राज्य उभं पाहिजे, म्हणजे दुपारी मी घरी पाहिजे. लोक नाइट टाळायला बघतात, मी साहेबांच्या विनवण्या करून मागून घ्यायला लागलो. रात्रभर मशीनवर उभं राहायचं आणि दिवसा डोळे ताणून राज्य चालवायचं. त्या किल्ल्याची, त्या फौजेची मला शिसारी आली होती. आई मात्र भरत चालली होती. चक्कर थांबली, शुगर आटोक्यात आली.

आणि एका दुपारी भोंगा झाला, पण घंटा वाजली नाही. आई ताट घेऊन बसली होती. बराच वेळ बसली, मग ताट झाकून ठेवलं. दुसऱ्या दिवशीही तेच. त्याच्या पुढच्या दिवशी मला राहवलं नाही. भोंगा होताच मी इमारतीवर क्लिक केलं आणि घंटा वाजवली.

स्वयंपाकघरातून आई म्हणाली, "ही तू वाजवलीस."

तिथून स्क्रीन दिसत नाही. आवाज दर वेळी तोच, रेकॉर्ड केलेला. एका ठोक्याचाही फरक नसतो. ती बाहेर आली आणि बाबा गेल्यापासून पहिल्यांदाच तिने माझ्याकडे नीट बघितलं.

"डोलं बघ कसं खोल गेल्यात. झोपतोस कवा तू?"

मला एकदम रडूच फुटलं. चाळिशीतला माणूस मी, शर्टाच्या बाहीने डोळे पुसत बसलो.

"बंद कर त्ये," आई म्हणाली. "हो पुढं. दोघं जेवू, मंग झोप तू."

त्या दिवसापासून गेम लावलेला नाही. घंटा कोण वाजवत होतं, ती का थांबली, आणि माझा हात तिने कसा ओळखला... यातल्या एकाचंही उत्तर माझ्याकडे नाही. कोणाकडे असेल तर जरूर सांगा, पण आईला विचारा म्हणू नका. विचारायची माझी हिंमत नाही. आई आता दुपारी वेळेवर जेवते. मी फर्स्ट शिफ्टला असलो तरी, एकटी बसून.