बैलानं खाल्लेलं बेथलेहेम

बेथलेहेमची मागची भिंत बैल खात होता आणि मी तोंडाला पदर लावून गप्प बसले होते.

मला बोलायची बंदी होती. मी बाभळीखाली पोत्यावर बसले होते. समोर क्यामेरा, त्याच्यापुढं आमची कडब्याची कोप. कोपीत येशूची आई झालेली पोरगी, तिचा नवरा झालेला दाढीवाला, टोपल्यात रबराचं बाळ आणि सगळ्यांच्या मागं आमचा चंद्र्या. त्यानं मान वळवली, भिंतीतलं कडब्याचं एक धाट उपसलं आणि सावकाश चावायला लागला. शांत जनावर आहे. कशाची घाई करत नाही.

ती कोप सिनेमासाठी बांधलेली नव्हती. ती आमच्या येळवशीची. आमच्याकडं वेळा अमावास्येला येळवस म्हणतात. त्या दिवशी सगळं घर रानात जेवतं. कडब्याच्या पेंढ्या उभ्या करायच्या, शेंड्याला बांधायच्या, झाली कोप. आत पाच दगड चुन्यानं रंगवून मांडायचे. ते पांडव. त्यांची पूजा करायची आणि मग भज्जी, आंबील, खीर. कोप नसली तर पांडवांना उघड्यावर बसवायचं का? आमच्या रानात असं कधी झालं नव्हतं.

येळवस दुसऱ्या दिवशी होती. त्यात यंदा मेहकरची विहीण पहिल्यांदाच येणार होती. विहीण म्हणजे माझ्या लेकीची सासू. लग्नात आमच्याकडं भात कमी पडला होता, हे ती अजून लोकांच्या बारशात सांगते. कोप नाही दिसली तर तिला पुढच्या दहा बारशांची सोय झाली असती.

सिनेमा येशू ख्रिस्ताच्या जन्माचा होता. काढणारा बीदरचाच, हैदराबादेत शिकून आलेला. त्यानं जनवाड्याकडची एक जुनी विहीर पसंत केली, कमलनगरच्या वाटेवरचा एक माळ पसंत केला, आणि मग आमच्या रानात येऊन हात जोडून उभा राहिला. म्हणाला, हुबेहूब तिकडच्यासारखी जागा आहे. मी विचारलं, तिकडं कधी गेला होतास? म्हणाला, न्हाई. (मग हुबेहूब कशावरून, ते त्यालाच माहीत.) पण तांबडी माती, दगडं आणि एक बाभळ, या रानाला आजवर कुणी चांगलं म्हटलं नव्हतं. माझे सासरे तर मरेपर्यंत या वाटणीवरून भावाला शिव्या देत होते. मी लगेच हो म्हटलं. अट एकच घातली, कोप संध्याकाळी होती तशी परत पाहिजे.

त्याला कोप आवडली, फक्त लहान वाटली. माझा मुलगा दत्ता हौशी. त्यानं गंजीतला उरलेला सगळा कडबा काढून कोप दुप्पट केली. नवी ज्वारी अजून रानात उभी, म्हणजे गावात कुणाकडंच जास्तीचा कडबा नाही. हे तेव्हा कुणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही.

मग सिनेमावाल्यानं विचारलं, बैल मधेच शेण टाकील का? मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, सकाळपासून वैरण बंद करा, शेण बंद. सगळ्यांनी माना डोलावल्या. त्याच्या एका माणसानं तर माझं वाक्य फोनमध्ये लिहून घेतलं. जन्म गेला माझा बैलांना कडबा घालण्यात आणि कडब्याची कोप बांधण्यात. पण उपाशी बैल कडब्याच्या घरात उभा केला तर काय होईल, हे मला चंद्र्यानं पहिला घास घेईपर्यंत सुचलं नाही.

आता बंदीचं सांगते. पहिल्या वेळी त्या पोरीनं बाळाला असं उचललं की मान लोंबायला लागली. मी म्हटलं, पोरी, मानेखाली हात धर. लगेच कट! दुसऱ्या वेळी तो दाढीवाला नुसताच काठी धरून उभा. मी म्हटलं, बायको बाळंत झालीय, ह्याला पाणी तापवायला लावा की. परत कट! तिसऱ्या वेळी मी काही बोलले नाही, जांभई दिली. माझी जांभई जरा मोठी असते.

तेव्हा तो सिनेमावाला येऊन माझ्यापुढं उकिडवा बसला. "आजी, सूर्य ढळायलाय. पाया पडतो. आता आभाळ कोसळलं तरी बोलायचं न्हाई."

चार माणसांत असं बोलला. मी म्हटलं, बरं. आता माझ्या तोंडून श्वाससुद्धा निघाला तर सांग.

तर चंद्र्यानं दुसरा घास घेतला. सिनेमावाला त्याच्या छोट्या टीव्हीत बघत होता. शेजारच्याला हळूच म्हणाला, बैल बघा, काय सुंदर मान हलवायलाय. तिसऱ्या-चौथ्या घासाला मागच्या भिंतीला भोक पडलं आणि कलत्या उन्हाची तिरीप नेमकी बाळावर आली. सगळे गार! क्यामेरावाल्याचे डोळे भरले. सिनेमावाल्यानं छातीवर हात ठेवला आणि कुजबुजला, ही तर त्याचीच कृपा. कृपा कुणाची ते मला समोर दिसत होतं. तिला शेपूट होतं.

भोक वाढलं तसा उजेड वाढला, आणि उजेड वाढला तसे ते लोक हरखले. मी पदराचा बोळा तोंडात घातला. कोपीच्या पेंढ्या एकमेकींच्या आधारावर उभ्या असतात. एका बाजूच्या गेल्या की बाकीच्यांनाही करमत नाही. चंद्र्यानं एक मोठा झटका दिला आणि थकलेली म्हातारी जमिनीवर बसते तशी कोप हळूच खाली बसली. येशूची आई, नवरा, बाळ, सगळे आत. कडब्याचा नुसता ढीग, आणि ढिगातून चंद्र्याचं डोकं वर. तोंड चालूच.

सगळ्यांना ओढून बाहेर काढलं. कुणाला खरचटलंही नाही. तेवढ्यात सिनेमासाठी आणलेला मेंढरांचा कळप सुटला आणि ढिगावर पडला. आम्ही हाकलेपर्यंत बेथलेहेम साफ झालं होतं.

दत्ता धावत आला. "माय, तू समोर बसलेलीस. तुला दिसायलं न्हवतं का?"

"दिसायलं होतं की."

"मग कामून बोलली न्हाईस?"

"ह्यांनी नको म्हणले," मी सिनेमावाल्याकडं बोट केलं. "आभाळ कोसळलं तरी नको म्हणले. ही तर नुसती कोप."

सिनेमावाल्यानं डोक्याला हात लावला. सून सुरेखा मात्र रडायला लागली. सिनेमाचं काय, तो त्यांनी कसाही पुरा केला असता. उद्या पांडव कुठं बसवायचे? दत्ता गावभर फिरून आला आणि काखेत एक पेंढी घेऊन परतला. तीही जुनी, उंदरांनी कुरतडलेली.

शेवटी त्या सिनेमावाल्यालाच लाज वाटली. बाळाला बघायला जे तीन राजे येतात, त्यांचा तंबू त्यानं आमच्या रानात उभा केला. तांबडी मखमल, सोनेरी झालर, आत गालिचा. दुसऱ्या दिवशी आमचे चुना लावलेले पाच दगड त्या गालिच्यावर बसले. तंबूच्या मालकांना, म्हणजे त्या तीन राजांनाही जेवायला थांबवून घेतलं. येळवशीला रानातून कुणी उपाशी जायचं नसतं. (चंद्र्याच्या बाबतीत तर तो नियम आदल्या दिवशीच पाळला गेला होता.)

विहीण आली. तंबूला एक फेरी मारली. झालर दोन बोटांत धरून बघितली. मुकुट घालून आंबील पिणाऱ्या राजांकडं बघितलं. मी मनात भाताच्या टोमण्याची तयारी ठेवून उभी.

"काय वो विहीणबाई," ती म्हणाली, "पांडवांचा वनवास संपला म्हणायचा का?"

आणि गालिच्यावर मांडी घालून तिनं तीन वेळा भज्जी वाढून घेतली. आता ती बारशात सांगते, आमच्या विहिणीला पैशाचा माज आलाय, येळवशीला मखमल लावते. भाताचं नाव काढत नाही. हेही नसे थोडके.

सिनेमा लागला. लोकांना तो उजेड फार आवडला म्हणे. तेव्हापासून कमलनगरहून जीपगाड्या करून लोक ती जागा बघायला येतात. विहीर बघतात, माळ बघतात आणि मग आमच्या अंगणात येऊन विचारतात, "आजी, बेथलेहेम कुठंय?"

मी गोठ्याकडं बोट दाखवते. "ते त्याच्या पोटात गेलं."

तंबू गेला, कोप गेली, राजे आपापल्या गावाला गेले. त्या दिवसातलं लोकांना दाखवायला आता दोघंच उरलोत, मी आणि चंद्र्या. लोक फोटो चंद्र्यासोबत काढतात. मला फोन धरायला लावतात, आणि म्हणतात, आजी, जरा गप उभ्या राहा, हात हलायलाय.