भोईवाड्यातला तुर्की वर्ग

गिरणीतले जुने सोबती भेटले की तुर्की वर्गाचे किस्से निघतात. दरवेळी एखादा वाढतो. सगळे हसतात, मीही हसतो. शेवटचा मात्र मी कधी सांगितला नाही.

*

संयुक्त महाराष्ट्राची चळवळ जोरात होती. तुर्कस्तानात नवी कापडगिरणी निघत होती. तिला थोडी तुर्की येणारे दोन कामगार हवे होते. पगार तिप्पट! तिकडच्या बंदरात वर्षे काढलेले खलाशी दाऊदचाचा आम्हाला शिकवू लागले. मी विणाई खात्यातला, शाळा दुसरीपर्यंत. शेजारी बसायचा कताईतला काशिनाथ, सातवी पास, नुकतीच बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेला.

*

पहिल्याच दिवशी मी पुस्तक उलटे धरले. वर्ग हसणार, तोच काशिनाथने आपलेही उलटे केले.

चाचा म्हणाले, "काय रे, दोघं आरशात शिकताय?"

*

चाचांनी अनेकवचन सुतावरून शिकवले. "जाड स्वराला जाड शेपूट, लार. बारीक स्वराला बारीक, लेर. कापड कुमाश, कुमाशलार. मागावरचा धोटा मेकिक, मेकिकलेर. सरमिसळ नाय!"

मी ओरडलो, "म्हणजे तुर्कांतही पंगती वेगळ्या!"

वर्ग खो खो हसला. काशिनाथने विचारले, "चाचा, लार काय नि लेर काय, काम एकच ना?"

"एकच रे."

*

शिवाजी पार्कच्या सभेत काशिनाथने माझी उजळणी घेतली. "इन्सान?"

मी जोरात म्हणालो, "इन्सानलार!"

मागून कोणीतरी गरजला, "झालाच पाहिजे!"

*

परीक्षेला तुर्की साहेब आला. आमच्याकडे धोट्याच्या भोकाला तोंड लावून दोरा ओढत. म्हणून काशिनाथच्या लोकांना विणाईत घेत नसत. साहेबाला हे ठाऊक नव्हते. त्याने धोटा आधी काशिनाथला दिला. काशिनाथने तोंड लावून दोरा झटक्यात ओढला.

मग धोटा माझ्या हातात आला. मी तो सदऱ्याला पुसला. दोनदा.

साहेबाने तुर्कीत विचारले, "का पुसलास?"

प्रश्न मला कळला. काशिनाथ तुर्कीत म्हणाला, "मला खोकला आहे, साहेब. म्हणून पुसला त्याने."

एकही चूक नाही.

यादी लागली. माझे नाव होते. काशिनाथचे नव्हते.

बोटीवर पोहोचवायला तो धक्क्यावर आला. माझी ट्रंक त्यानेच उचलली होती. तेवढ्यात समोरून साहेब आला. काशिनाथने ट्रंक खाली ठेवली, तोंडावर रुमाल धरला आणि खोकला!