धम्मरत्नचं उतरतं झाकण

आमच्या कुरुळीच्या चाळीत सात नंबरला धम्मरत्न राहतो. नांदेडकडचा, कंपनीत प्लास्टिकचे साचे करतो. इतका मुकाट, की खोलीत माणूस हाय का न्हाई ते मधूनमधून बघून यावं लागतं.

त्याने लशी ठेवायचा गार डबा केला. अशा डब्याच्या झाकणाला आतून घाम येतो, थेंब पडून बाटल्यांवरची अक्षरं धुऊन जातात. याने झाकण आतून उतरतं केलं, कडेला पन्हळ ठेवली. तीन वर्षं खपला. पेटंट मागितलं, तर हापिसातून कागद आला: हे कुणालाही सहज सुचेल. उत्तर द्यायला चार दिवस उरले.

मी तांब्या घेऊन त्याच्या दारावरून जात होते, तर त्याने तो कागद पुढे केला. "आजी, तुम्हीच सांगा. सहज सुचण्यासारखं आहे?"

"तुला कसं सुचलं?"

"भरदुपारी एक म्हातारी दारात बसायची. तळहात असा तिरपा धरून पाणी निथळवायची. मला वाटलं तुमच्या घरातली कुणी. मनगटावर विंचू गोंदलेला."

माझ्या हातातला तांब्या मी खाली ठेवला. सात नंबरच्या जागी तानुबाई सुईणीचं खोपटं होतं, अन् विंचू तिच्याच मनगटावर. तिला जाऊन चाळीस वर्षं झाली. सुईणीचं भांडं तिच्यामागं कुणी वापरत न्हाई, फोडतही न्हाई. तिचं काढ्याचं मडकं झाकणासकट आमच्या माळ्यावर पालथं पडून होतं.

ते उतरवून सात नंबरात आणलं. झाकण आतून उतरतं, कडेला पन्हळ. धम्मरत्नने कोन मोजला. पुन्हा मोजला. त्याच्या डब्याचाच. पन्हळीत बोट घातलं, तर ओलं.

"म्हणजे हापिसवाल्यांचं बरोबर," तो पुटपुटला. "सहजच सुचतं."

"खुळा का काय! अख्ख्या गावाने हे झाकण पाहिलं. मी यातला काढा प्याले, आणि जन्मभर भांड्यावर परातच झाकली. सहज असतं तर मला सुचलं नसतं व्हय? सहज न्हाई, असं ठोकून लिही. पर तुझं हाय, असं कसं लिहिशील?"

आतून त्याची बायको वर्षाली कडाडली, "अहो, तिकडे ऑफिसात मडकं कुणाला ठाऊक आहे? आजी काही सांगत नाहीत."

मी सांगणार नव्हतेच.

त्याने कागद पुढ्यात ओढला. मग लिहिलं: सहज सुचणारं नाही, पण माझ्या आधी एकीला सुचलं होतं. सोबत मडक्याचा फोटो. पेन थांबलं.

"आजी, त्यांचं पूर्ण नाव?"

तानुबाईच्या पुढचं काही मला आठवेना. सुईणीला नाव कोण विचारतंय?

"मग तिलाच विचारा की!" वर्षाली फणकारली.

"हो," म्हणत तो दाराकडे वळला. बाहेर भरदुपार झाली होती.

मी मागे न बघता घरी आले.